निवृत्ती म्हणजे नुसत्या बॅगा भरणं का?

घरकोंबडा: काल इथे एका जोडप्याने लिहिलं, ‘साठीनंतर घर हे कपडे धुण्यापुरतं. वर्षातले आठ महिने आम्ही बाहेर. घरी बसणारे लवकर म्हातारे होतात.’ डोकंच फिरलं. आमचे शेजारीही असेच. त्यांच्या कुंड्यांना पाणी मी घालतो, सिलिंडर मी उतरवून घेतो. नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्यापुरते उगवतात. निवृत्त ते झाले, नोकरी मला लागली!

खिडकीची जागा: ते लिहिणारा मीच. हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवून होतो. मी गेल्या खेपेस ओंकारेश्वरहून दिला. बत्तीस वर्षं पाळ्या केल्या, नंतर आईचं आजारपण काढलं. आता फिरलो तर कुणाच्या पोटात का दुखावं?

उसाचा फड: पेन्शनवाल्यांची मौज आहे. मी साखर कारखान्यातला, ईपीएस-९५ वाला, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतला. २०१४ साली किमान पेन्शन महिना हजार ठरली. मला येतात एकवीसशे. त्यात ओंकारेश्वर सोडा, गोळ्या बसत नाहीत. निवृत्तीचा अर्थ म्हणे! आधी निवृत्त व्हायला परवडू द्या.

खिडकीची जागा: आम्हीही स्लीपरनेच जातो हो. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची सवलत काढली. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०. करोना गेला, सवलत आलीच नाही.

फलाट चार: मग एसटीने जा. ६५ ला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी झाली की फुकट.

उसाचा फड: राज्याच्या हद्दीपर्यंत! पुढे काय, चालत परिक्रमा?

फलाट चार: लोक चालतातच परिक्रमा. रडगाणं गायचंच असेल तर गा.

उसाचा फड: रडगाणं? एकवीसशेत महिना काढून दाखवा, मग बोला.

घरकोंबडा: अहो, धागा माझ्या कुंड्यांचा होता.

लोअर बर्थ: सवलतीचं सोडा. गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मला अप्पर मिळाला. खाली कॉलेजची मुलं झोपलेली. ज्येष्ठांच्या कोट्यातून दोघांपर्यंतच तिकीट निघतं, आम्ही बहिणी तिघी. तिसरीला काय डिकीत टाकायचं?

फलाट चार: दोन तिकिटं वेगवेगळी काढायची.

लोअर बर्थ: आणि डबे वेगळे आले की धावतपळत तुम्ही येणार का?

खिडकीची जागा: यांच्या खात्यावरून सौ. लिहितेय. आठ महिने नाही, पाच. उरलेले तीन यांच्या मनातले. फिरायला मलाही आवडतं, पण धर्मशाळेतसुद्धा पाचला चहा मीच टाकते. निवृत्त हे झाले, मी नाही. आणि घरकोंबडा, कुंड्यांचं तुमचं बरोबर आहे. आमच्याही शेजारणीला मी इतकी वर्षं गृहीतच धरलं.

उसाचा फड: वहिनी, पटलं. तुमच्या यजमानांचं नाही.

घरकोंबडा: चला, एकीला तरी पटलं. शेजारचे परवा चारधामला निघालेत. किल्ली आत्ताच देऊन गेले. सोबत पेढ्याचा पुडा. पाव किलो.