थंडीत उत्तरेच्या भिंतीवर काळे ठिपके: वॉटरप्रूफ रंग मारायचा का?

पेठेतला भाडेकरू: कोल्हापूर, शिवाजी पेठ, दुसरा मजला. पावसाळ्यात भिंत ठणठणीत. डिसेंबर लागला की कपाटामागं आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. कपाटातल्या कोल्हापुरी चपलांवर पांढरा बुरा. रंगवाला वॉटरप्रूफ रंग मारा म्हणतोय.

ओलमापक: थांबा भावा, आधी ओल कुणाची ते बघा. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, दोन दिवस ठेवा. वरून दव धरलं तर खोलीतली वाफ, आतून भिजलं तर भिंतीत पाणी. तुमचं बहुतेक पहिलंच. खोलीत २४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की साधारण १८ अंशांखालच्या भिंतीवर दव पडतं. बुरशीला तेवढंही लागत नाही, भिंतीलगत ८० टक्के आर्द्रता टिकली तरी भागतं. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागं खोलीची ऊब पोचत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच होते. कपाट ४ इंच पुढं ओढा.

गॅसवाली काकू: वाफ कुठून येते हेही मोजा. १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटतं; भाताची, डाळीची वाफ वेगळी. खिडक्या लावून चौघं झोपले तर रात्रीत लिटरभर. हॉलमधल्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं तर बोलायलाच नको. आंघोळीनंतर एक्झॉस्ट २० मिनिटं चालू, बाथरूमचं दार बंद, पण दाराखाली बोटभर फट हवी. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो.

पेठेतला भाडेकरू: सकाळी धुकं असतं. खिडकी उघडली तर ओल आत नाही येणार?

ओलमापक: उलट कमी होईल. १५ अंशांच्या धुक्याच्या हवेत घनमीटरला १३ ग्रॅमच्या आसपास वाफ असते, तुमच्या खोलीत १५. पण भिंत गारठते, म्हणून सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहाच मिनिटं. खरं वाळवण दुपारी १२ ते ४.

चुनाभट्टी: डाग कोरड्या ब्रशनं घासू नका, बीजं घरभर उडतात. मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं. मग पंखा लावून पूर्ण वाळवा. ब्लीच प्लास्टरवर डागाचा नुसता रंग घालवतं, आत मुरलेली बुरशी राहते. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ओल तशीच ठेवून वॉटरप्रूफ रंग मारला तर त्या रंगावरच बुरशी येईल. चुना बुरशीला मानवत नाही, पण प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही. आधी खरवडावं लागतं.

तळमजलेवाल्यांनी एक बघा: २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या भिंतींना खालून पांढरी भुकटी सुटत असेल तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेला क्षार, बुरशी नव्हे. पाण्यात विरघळतो. त्याचा उपाय वेगळा, इथं नको.

गॅसवाली काकू: चपलांचं राहिलं. गच्चीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वाऱ्याला ठेवा. कडक उन्हात कातडं ताठरतं. मग कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या तर आठवड्यात पुन्हा तेच.