गुलाबाच्या नव्या रोपाच्या फुलाचा रंग कसा मोजावा आणि कोणत्या वर्गात नोंदवावा?

प्रश्न : मावळातील गुलाब

नमस्कार. मी तळेगाव दाभाडे येथे घरच्या बागेत गुलाबांचे संकर करून बियांपासून रोपे तयार करतो. त्यांतील एका रोपाचे डोळे (फांदीवरच्या कळ्या) दुसऱ्या खुंटांवर बांधून मी कलमे वाढवली असून ती सर्व मूळ रोपासारखीच फुलतात, त्यामुळे या वाणाचे रीतसर वर्णन लिहून ठेवावे असा विचार आहे. फूल गुलाबी आणि लाल यांच्या सीमेवरचे आहे. पाकळीची आतली बाजू गडद, पाठ बरीच फिकट आणि तळाशी पिवळा ठिपका आहे.

पानांचा आकार, काटे, पाकळ्यांची संख्या हे सगळे लिहून झाले, पण रंगापाशी काम अडले आहे. थंडीत उमललेले फूल जवळजवळ लाल दिसते, तर एप्रिल-मे महिन्यांत तेच झाड राणी रंगाची फुले देते. फूल झाडावर जुने होऊ लागले की त्यावर जांभळट झाक येते, आणि मोबाइलच्या फोटोत या सगळ्यांहून निराळाच रंग उमटतो. अशा फुलाचा ‘खरा’ रंग कोणता मानावा, तो रंगतक्त्याशी जुळवून लिहावा की उपकरणाने मोजावा, आणि पाकळीच्या दोन बाजू वेगळ्या असल्यामुळे ते दुरंगी म्हणून नोंदवावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : वाणवर्णन

आपल्या प्रश्नात दोन कामे एकत्र आली आहेत, ती आधी वेगळी करावीत. रंग मोजणे म्हणजे ठरावीक अवस्थेतील पाकळीच्या ठरावीक भागाचा रंग ठरावीक प्रकाशात नोंदवणे. वर्गीकरण म्हणजे ती नोंद हातात घेऊन फूल एखाद्या गटात बसवणे. नोंद नेमकी असेल तर वर्ग पुढे कधीही बदलता येतो. नोंदच नसेल तर ‘गडद गुलाबी’ या शब्दावरून दुसऱ्या माणसाला काहीही पडताळता येत नाही.

वाणांच्या वर्णनासाठी जगभर रूढ असलेले साधन म्हणजे लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता. तो १९६६ साली प्रथम निघाला आणि त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. प्रत्येक पट्टीवर ए, बी, सी, डी अशा चार छटा गडदकडून फिकटकडे उतरत जातात आणि प्रत्येक छटेच्या मधोमध एक भोक असते. पाकळी पट्टीच्या मागे धरून त्या भोकातून तिचा रंग पाहायचा आणि भोवतालच्या छटेशी ताडून पाहायचा. भोकाची कड जवळजवळ दिसेनाशी झाली, की छटा जुळली असे समजावे. नोंद ‘रेड ग्रुप ५३ ए’ अशा पद्धतीने, गटाचे नाव, पट्टीचा क्रमांक आणि अक्षर यांसह करावी आणि तक्त्याच्या आवृत्तीचे वर्षही न चुकता लिहावे. नंतरच्या आवृत्त्यांत जुने क्रमांक न हलवता नव्या पट्ट्या ‘एन’ हे अक्षर लावून घातल्या आहेत, म्हणून ५७ ए आणि एन ५७ ए हे दोन वेगळे रंग आहेत. नोंदीतून ते ‘एन’ गळले, तर वाचणारा भलत्याच छटेवर जाऊन पोहोचेल.

प्रकाशाबाबत मी सर्वांत जास्त आग्रह धरीन. वाणांच्या परीक्षणात एकतर दिवसाच्या प्रकाशाशी जुळणारा, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा, कृत्रिम प्रकाश असलेली पेटी वापरतात, किंवा मग भर दुपारी थेट ऊन न येणाऱ्या खोलीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाकळी ठेवून पाहतात. आपल्याकडे रोपवाटिकेत हिरव्या शेडनेटखाली उभे राहूनच रंग ठरवला जातो. त्या जाळीतून येणाऱ्या प्रकाशालाच हिरवट झाक असते आणि लाल-गुलाबी पाकळी त्यात मळकट दिसते. म्हणून फूल तोडून पाण्यात ठेवावे आणि उत्तरेकडच्या खिडकीपाशी आणून पाहावे. भडक रंगाच्या भिंतीचे किंवा कपड्यांचे प्रतिबिंब पाकळीवर पडू देऊ नये. शक्य असल्यास दोन माणसांनी एकमेकांची नोंद न पाहता छटा जुळवावी.

अवस्थेसाठी नुकतेच पूर्ण उमललेले फूल घ्यावे, ज्यातील पुंकेसर ताजे आहेत आणि परागकण झडलेले नाहीत. जुन्या लाल गुलाबावर येणारी जांभळट झाक हा त्या वाणाचा मूळ रंग नव्हे. पाकळी वृद्ध होताना पेशीरसाची आम्लता कमी होते आणि त्यातील अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य निळसर दिसू लागते. ही झाक वर्णनात जरूर यावी, पण ‘जुन्या फुलावर’ असे स्पष्ट लिहून. ऋतूचेही तसेच आहे. थंड हवेत अँथोसायनिन अधिक साठते आणि उष्णतेत कमी, त्यामुळे थंडीतली नोंद आणि उन्हाळ्यातली नोंद महिन्यासह शेजारीशेजारी लिहावी. दोन्ही खऱ्या आहेत आणि त्यांची सरासरी काढण्यात काहीच अर्थ नाही.

उत्तर : प्रयोगशाळेतून

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त उपकरणाविषयी थोडी भर घालतो. कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर पाकळीचा रंग तीन अंकांत देतो. १९७६ साली ठरलेल्या सीलॅब पद्धतीत एल म्हणजे उजळपणा (० ते १००), ए हा हिरव्याकडून लालकडे जाणारा अक्ष आणि बी हा निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा. ए आणि बी यांवरून रंगाची तीव्रता आणि रंगछटेचा कोन काढता येतो; हा कोन म्हणजे रंगांच्या वर्तुळावरची जागा, त्यात ० किंवा ३६० अंशांजवळ लाल-गुलाबी, ९० जवळ पिवळा, १८० जवळ हिरवा आणि २७० जवळ निळा येतो. दोन वाणांतील किंवा दोन ऋतूंतील फरक किती, हे सांगायला हे अंक तक्त्यापेक्षा सरस ठरतात, कारण तक्त्यावर दोन शेजारच्या छटांच्या मधला रंग लिहायला जागाच नसते.

मात्र पाकळी हा रंगवलेला पत्रा नव्हे. ती पातळ असते, तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि खाली काय ठेवले आहे त्यानुसार अंक बदलतात. म्हणून प्रत्येक वेळी तीच पांढरी फरशी खाली ठेवावी किंवा ठरावीक संख्येने पाकळ्या एकावर एक रचाव्यात, आणि जी पद्धत धरली ती नोंदीत लिहावी. उपकरणाचे तोंड पाकळीवर दाबल्यास पेशी चेपून डाग पडतो, त्यामुळे एकाच जागी पुन्हा मोजू नये. मखमली पाकळीची गोष्ट आणखी निराळी आहे : पृष्ठभागावरच्या शंकूसारख्या पेशी प्रकाश आत ओढून घेतात आणि रंग डोळ्याला अधिक खोल भासतो. ती मखमल अंकांत पुरती उतरत नाही, ती शब्दांतच लिहावी लागते.

आपला रंग लाल-गुलाबी असल्यामुळे एक गोष्ट विशेष सांगतो. समजा, एका पाकळीचे ए ५५ आणि बी १२ आले, दुसरीचे ए ५८ आणि बी उणे ६ आले. पहिलीचा कोन सुमारे १२ अंश आणि दुसरीचा सुमारे ३५४ अंश होतो. या दोन कोनांची सरळ सरासरी १८३ अंश येते, म्हणजे चक्क हिरवा रंग! म्हणून आधी ए आणि बी यांची सरासरी घ्यावी (येथे ५६.५ आणि ३) आणि मगच कोन काढावा, तो सुमारे ३ अंश येतो आणि तोच बरोबर आहे.

प्रश्नकर्ता : मावळातील गुलाब

दोघांचेही मनापासून आभार. उपकरण माझ्याकडे नाही, त्यामुळे तक्त्यानेच काम करावे लागेल. फोटोचा काही उपयोग होईल का, आणि दुरंगीचा प्रश्न कसा सोडवावा, एवढेच आता विचारतो.

उत्तर : वाणवर्णन

फोटो पुरावा म्हणून जरूर ठेवावा, पण त्यावरून रंग ठरवू नये. कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच्या अंदाजाने बदलतो आणि गडद लाल पाकळीत लाल रंगाची मर्यादा संपल्यावर सगळा तपशील सपाट होतो. चौकटीत करडे कार्ड ठेवून, तोल हाताने ठरवून आणि प्रकाश किंचित कमी घेऊन काढलेला फोटो बराच विश्वासार्ह असतो.

दुरंगीबाबत दोन प्रथा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. वाणसंरक्षणासाठी नोंदवायच्या वर्णनात आतली बाजू, बाहेरची बाजू आणि तळाचा ठिपका हे स्वतंत्र गुण मानतात आणि प्रत्येकाचा तक्त्यातला क्रमांक वेगळा लिहितात. एकाच पृष्ठावर अनेक रंग असतील तर ज्याने सर्वांत जास्त क्षेत्र व्यापले आहे तो मुख्य, आणि क्षेत्रे सारखीच वाटली तर गडद असेल तो मुख्य. आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याखाली वेगळेपणा, एकरूपता आणि स्थैर्य तपासले जाते, तेथे अशाच तपशिलाची गरज पडते.

गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद मात्र अमेरिकन रोझ सोसायटीकडे असते आणि तेथे संपूर्ण फुलाला १८ रंगवर्गांपैकी एकच वर्ग द्यावा लागतो. त्यात मध्यम लाल आणि गडद लाल आहेत, पण फिकट लाल असा वर्गच नाही; त्या सीमेवरची फुले गडद गुलाबीत जातात. आपल्या फुलाची पाठ खरोखरच बरीच फिकट असेल, तर ‘मिश्र गुलाबी’ किंवा ‘मिश्र लाल’ यांपैकी एक निवडावा लागेल, आणि माझ्या मते तो पाकळीच्या आतल्या बाजूवरून निवडावा, कारण उमललेल्या फुलात तीच समोर दिसते. पिवळा ठिपका फूल पूर्ण उघडल्यावरच दिसत असेल, तर केवळ त्याच्यामुळे वर्ग बदलू नये. थंडीतली आणि उन्हाळ्यातली नोंद वेगवेगळ्या वर्गांकडे झुकू लागली, तर आपल्या भागात फुलांचा मुख्य हंगाम थंडीचा असल्यामुळे वर्ग त्या हंगामातल्या फुलावरून द्यावा आणि उन्हाळ्यातला क्रमांक वर्णनात कायम ठेवावा.