नुसता प्रोफेसरांचा क्लब? नाही पटलं
प्राचीन ग्रीस-रोमच्या अभ्यासासाठीच्या सोसायट्या म्हणजे नुसता म्हाताऱ्या प्रोफेसरांचा क्लब, असं कुणीकुणी म्हणतं, ते काही पटलं नाही बुवा. लंडनची हेलेनिक सोसायटी (प्राचीन ग्रीसच्या अभ्यासाची) घ्या, १८७९ सालची, पुढच्याच वर्षी जर्नल काढलं आणि ते अजून निघतंय! पण मला भारी वाटतं ते त्यांचं स्लाइडचं काम, देवळांचे, मूर्तींचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर उतरवलेले आणि ते लेक्चर देणाऱ्यांना वापरायला मिळायचे, म्हणजे ज्यांनी ग्रीस कधी बघितलंच नाही त्यांनाही अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्यावर सगळं दिसायचं. १९१० ला प्राचीन रोमसाठी तशीच रोमन सोसायटी निघाली, लायब्ररी मात्र दोघींची एकत्र, लंडन युनिव्हर्सिटीच्या सिनेट हाउस इमारतीत. आणि मेंबर व्हायला डिग्री लागत नाही हो, नुसती आवड पुरते (फी भरायची तयारी हवी, ते वेगळं).