दुदुकचा 'दम' आणि आपलं 'दम धरणं'

प्रश्न
आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींसाठी जिवान गास्पारियान (१९२८–२०२१) यांच्या दुदुकवादनावर टिपण लिहिते आहे. दुदुक हे आर्मेनियातलं फुंकून वाजवायचं वाद्य बहुतेक वेळा जोडीनं वाजतं. एक जण चाल वाजवतो, दुसरा शेजारी बसून एकच स्वर अखंड लावून ठेवतो. त्या स्वराला आर्मेनियात 'दाम' म्हणतात असं ऐकू आलं, आणि वाजवणाऱ्याला 'दामकाश'. पैशांचा 'दाम' तर हा नसणार. मराठीत काय लिहू? 'आधारस्वर' लिहून पाहिलं, पण फार पुस्तकी वाटतं.

प्रतिसाद
ताई, तो आपला 'दम'च आहे. मूळ फारसी, अर्थ श्वास. आर्मेनियन लोक 'अ' मोकळा उच्चारतात म्हणून तुम्हाला 'दाम' ऐकू आलं. 'कश' म्हणजे ओढणारा. आपल्या 'कशिदा'मध्येही हेच ओढणं आहे, तिथे धागा ओढतात. तेव्हा दमकश म्हणजे श्वास ओढणारा, आणि हे नाव अगदी शब्दशः खरं आहे. एखादं चित्रण असेल तर त्यात दमकशाच्या गालांकडे बघा. गालात हवा साठवून ती नळीत ढकलत असतानाच तो नाकानं नवा श्वास घेतो, त्यामुळे स्वर कुठेच तुटत नाही. मुख्य वादक चाल सोडून थांबला तरी दम चालूच राहतो.

प्रतिसाद
पण 'शम-दम' मधला दम संस्कृत आहे ना? इंद्रियनिग्रह. 'दम धरणे' तिथूनच आलं असावं असं मी समजत होतो.

प्रतिसाद
तो शब्द वेगळा. संस्कृत 'दम' 'दमन'च्या कुळातला. 'दम लागला', 'दम खा जरा', 'दमा', 'दमदार' हे सगळे श्वासाच्या घरातले. गवई 'दमसास' म्हणतात तोही हाच. आता गंमत बघा. आर्मेनियनमध्ये साथीचा स्वर लावून ठेवण्याला 'दम पाहेल' म्हणतात. 'पाहेल' म्हणजे राखणे, धरणे. म्हणजे अक्षरशः 'दम धरणे'! आपण 'दम धर' म्हणतो तेव्हा थांब, घाई करू नकोस असं सांगतो. तिकडे दम धरणारा माणूस दुसऱ्याच्या गाण्याखाली जमीन धरून बसलेला असतो. चर्चमधल्या 'शराकान' या जुन्या स्तोत्रांतही एक जण गातो आणि बाकीचे खाली दम धरतात. म्हणून 'आधारस्वर' नकोच, 'दम'च ठेवा. मला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

प्रतिसाद
सनईच्या साथीला 'सूर' असतोच की. 'सूर धरला' लिहिलं तर वाचकाला लगेच कळेल. आणि दमकशाला तमाशातला 'सुरत्या' म्हणता येईल.

प्रतिसाद
कळेल, हे मान्य. पण 'सूर' म्हटलं की चालीचा सूर की साथीचा, असा घोळ होतो. 'सुरत्या' मला फार आवडतो, मात्र तो गळ्यानं झील ओढतो. पहिल्यांदा 'दम, म्हणजे सनईच्या साथीतला सूर' असं एकदा सांगून टाका आणि पुढे बिनधास्त 'दम' लिहा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आणखी एक. आर्मेनियन लोक या वाद्याला 'त्सिरानापोघ' म्हणतात. 'त्सिरान' म्हणजे जर्दाळू, 'पोघ' म्हणजे नळी. 'जर्दाळूची बासरी' चालेल का?

प्रतिसाद
बासरी नको! बासरीला पाती नसते. दुदुकच्या तोंडाशी बोरूची रुंद, चपटी दुहेरी पाती असते, वाजवण्याआधी ती ओली करून थोडी उघडू देतात. जातकुळी सनईची, पण सनईसारखा फाकलेला पेला नाही, नळी सरळ. म्हणून आवाज चौकात घुमत नाही, कानाशी बोलतो. 'जर्दाळूच्या लाकडाची नळी' एवढंच लिहा. वाटल्यास जोडून सांगा की जर्दाळूचं शास्त्रीय नावच 'प्रुनस आर्मेनियाका' आहे, आर्मेनियाचं आलुबुखार म्हणा ना. 'दुदुक' हा मात्र तुर्की वळणाचा शब्द. २००५ साली युनेस्कोनं या संगीताचा गौरव केला तोही याच नावानं, त्यामुळे शीर्षकात तेच राहू द्या.

प्रश्नकर्ती
मग सुरुवात अशी करते: 'जर्दाळूच्या लाकडाच्या दोन नळ्या. एकीतून गास्पारियान चाल उलगडतात, दुसरीवर त्यांचा जोडीदार दम धरून बसला आहे.'

प्रतिसाद
'बसला आहे' ठेवाच. तो खरंच बसलेला असतो.