'हीट' लांबतो? मला नाही पटलं
दिग्दर्शक मायकल मानचा 'हीट' (१९९५) हा चित्रपट उगाच लांबतो असं इथे एकांनी लिहिलंय. अहो, तो वेळ घेतो म्हणूनच पुढे कोण जिवंत राहतंय याची धाकधूक लागते! बँक लुटल्यावर लॉस एंजेलिसच्या रस्त्यात होणारी चकमक हेडफोन लावून पुन्हा बघाच. गोळीबाराचा आवाज स्टुडिओतला नाही, चित्रीकरणाच्या जागीच रेकॉर्ड केलेला आहे. उंच इमारतींवर आदळून परत येणारा तो कडकडाट अंगावर येतो. दरोडेखोर झालेला व्हॅल किल्मर किती सफाईने बंदुकीचं गोळ्यांचं मॅगझिन बदलतो! पोलीस झालेला अल पचिनो आणि दरोडेखोर झालेला रॉबर्ट डी नीरो कॉफी घेत बोलतात तो प्रसंग तर निव्वळ अप्रतिम. मानचाच 'कोलॅटरल' (२००४) राहिला असेल तर लगेच बघा, त्यात टॉम क्रूझ चक्क भाडोत्री मारेकरी आहे.