जांघेतला हर्निया: पद्धत कशावरून ठरावी, पेशंटवरून की सर्जनच्या हातावरून?

निळाई:
बाबांना (वय ७४, हृदयात स्टेंट) उजव्या जांघेत हर्निया आहे. एक सर्जन म्हणाले दुर्बिणीतून करू, दुसरे म्हणाले चिरा देऊन. कमकुवत जागेला आधार द्यायची जाळी दोघेही बसवणार. असंच का, तर दोघांचं उत्तर एकच: "मी हेच करतो." मला हे अजिबात पटत नाही. चिरा देऊन जाळी बसवायची लिश्टेनस्टाईन पद्धत नुसती जागा बधिर करूनही होते, दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते. बाबांच्या हृदयाकडे बघता हा केवढा मोठा फरक! तो आम्हाला वाचून शोधावा लागला.

सुईदोरा:
ताई, मी स्वतः सर्जन आहे. "मी हेच करतो" हे उत्तर अपुरं आहे, पण चुकीचं नाही. दुर्बिणीत आम्ही स्नायूंच्या मागे, पोटाच्या अस्तराबाहेरची जागा उकलत जातो. तिथेच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, शेजारी नसा. जाळीची एक टाचणी नशीत बसली की माणूस महिनोन् महिने मांडी धरून बसतो. हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात. ज्याचा हात चिऱ्यावर बसलाय त्याच्याकडे दुर्बिणीचा हट्ट धरू नका.

ओवी_क:
मुळात जाळीच का? माझ्या नवऱ्याला जाळीनंतर दीड वर्ष जिना चढताना कळ यायची. इटलीतला सर्जन बासिनी १८८७ साली टाक्यांनीच दुरुस्ती करत होता. शोल्डाइस ही टाक्यांचीच पद्धत कॅनडात टोरांटोजवळ आजही चालते. डॉ. मोहन देसर्डा यांच्या पद्धतीत तर पोटाच्या स्नायूच्याच पापुद्र्याची पट्टी वापरतात.

सुईदोरा:
तुमच्या यजमानांचा त्रास खरा आहे. पण बिनजाळीच्या ऑपरेशनातही नस टाक्यात सापडते. बासिनीत कडा ओढून शिवतात, ताणामुळे टाके सुटतात आणि हर्निया परत येतो. म्हणून तर १९८० च्या दशकात लिश्टेनस्टाईनने ताण न देणारी जाळी रुळवली. शोल्डाइस चांगलीच आहे, रोज करणाऱ्याच्या हातात.

ओवी_क:
मग ऑपरेशनआधी हे सांगा ना! आम्हाला सहीचा कागद मिळाला, पर्याय नाही.

निळाई:
डॉक्टर, तुम्ही फिरून हातावरच येताय. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात की एकच पद्धत सगळ्यांना चालत नाही, पुढून (चिरा देऊन) आणि स्नायूंच्या मागून (दुर्बिणीने) दोन्ही वाटा उपलब्ध हव्यात. एकच येत असेल तर दुसरी येणाऱ्याकडे पाठवा.

सुईदोरा:
हे मान्य. बाबांचं प्रोस्टेटचं काही झालंय का?

निळाई:
हो, २०१९ मध्ये कॅन्सरसाठी पोटावाटे पूर्ण काढली.

सुईदोरा:
मग स्नायूंमागची जागा त्या ऑपरेशनमुळे चिकटलेली असणार. माझा हात दुर्बिणीवरही बसलाय, तरी इथे पुढूनच जाईन, आणि जमलं तर जागा बधिर करून.

निळाई:
तपासताना बेंबीखालचा तो लांब व्रण दोघांनीही पाहिला होता. कशाचा आहे, हे कुणीच विचारलं नाही.