चार वर्षांच्या मुलाची केमो सुरू आहे. सिस्टर-डॉक्टरांशी काय आणि कसं बोलावं?

नाशिकची_आई

नमस्कार. माझ्या मुलाला ब्लड कॅन्सर निघालाय, एएलएल म्हणतात तो. वय चार वर्षं. सध्या पहिला टप्पा, इंडक्शन, सुरू आहे. डॉक्टर चांगले आहेत, औषधांबद्दल माझी तक्रार नाही.

त्रास आहे तो सुईचा. शीर सापडत नाही. दोघं-तिघं मिळून त्याला पलंगावर आडवा दाबून धरतात, एक सिस्टर टोचून बघते, मग दुसरी येते. मला बाहेर उभं करतात. तो ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. काल आत घेतलं तेव्हा माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. आता ट्रॉलीचा आवाज आला तरी चड्डीत शू होते.

सासूबाई म्हणतात, डॉक्टरांच्या मध्ये बोलू नकोस, आपलं लेकरू त्यांच्या हातात आहे. मिस्टर रात्री येतात. दिवसभर मी एकटीच असते. मला भांडायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. कुणाला सांगू, कोणत्या शब्दांत? आणि त्याला काय सांगू? अजून दोन-अडीच वर्षं हे चालणार म्हणे.

बार्शीची_माय

ताई, तुमचं वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले. माझ्या लेकीला हाच आजार होता, निघाला तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आम्ही मुंबईला होतो, सुरुवातीला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आता उपचार संपलेत, ती तिसरीत आहे.

आधी सासूबाईंचं. त्यांना वाटणारी भीती खरी आहे, माझ्या आईलाही तीच होती. पण वॉर्डात सिस्टर पाळी संपली की बदलतात, शिकाऊ डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात. लेकरापाशी सगळ्या पाळ्यांना हजर असते ती फक्त आई. मागच्या वेळी कोणत्या हाताची शीर मिळाली, कोणत्या औषधानंतर उलटी झाली, हे तुम्हालाच माहीत असतं. ते सांगणं म्हणजे मध्ये बोलणं नव्हे, ते उपचारातलंच काम आहे.

बोलायचं मात्र सुई हातात असताना नाही. तेव्हा सिस्टरचं सगळं लक्ष शिरेवर असतं, आणि पोरगं रडत असतं. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर येतात, तेव्हा बोला. आदल्या रात्री वहीत लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी घसा दाटतो. मी असं म्हणाले होते: "डॉक्टर, माझ्या तीन मागण्या आहेत. सुई लावताना मला तिच्याजवळ राहू द्या. आधी बधिर करायची क्रीम लावायची परवानगी द्या. आणि एकीला दोन वेळा शीर मिळाली नाही, तर तिसऱ्यांदा न टोचता सगळ्यात अनुभवी सिस्टरला बोलवा." डॉक्टरांनी ते फाईलवर लिहिलं. फाईलवर लिहिलेलं रात्रपाळीलाही लागू होतं. तोंडी सांगितलेलं सकाळी विसरलं जातं.

ती क्रीम लिग्नोकेन-प्रिलोकेनची असते. जाडसर थर लावून वर चिकटपट्टी, आणि कमीत कमी एक तास ठेवायची. दहा मिनिटं ठेवून काही होत नाही, मग लोक म्हणतात क्रीमचा उपयोग नाही. सुई नऊला असेल तर पावणेआठलाच दोन्ही हातांवर लावून मोकळं व्हा. कातडी फुटलेली असेल तिथे लावू नका.

आता दाबून धरण्याचं. चार वर्षांच्या मुलाला उताणं पाडलं की तो जिवाच्या आकांताने झगडतो, आणि झगडला की शीर आणखी मिळत नाही. आम्हाला एका वयस्क सिस्टरनं शिकवलं: आईनं खुर्चीत बसायचं, पोरानं मांडीवर आईकडे तोंड करून, छातीला छाती लावून बसायचं, पाय आईच्या कमरेभोवती. एक हात आईच्या काखेखालून मागे सिस्टरकडे. तुम्ही मिठी मारलेली असते, म्हणून तो हलत नाही, पण त्याला आई धरून आहे एवढंच कळतं. माझी लेक रडायची, नाही असं नाही. पण ते सुई दुखल्याचं रडणं होतं. आपल्याला टाकून दिलं, असं ते रडणं नव्हतं. हा फरक आईला ऐकू येतो.

त्याला खोटं सांगू नका. "काही नाही, मुंगी चावेल" म्हटलं आणि दुखलं, की पुढच्या वेळी तो तुमचाही विश्वास धरत नाही. "टोचेल, दुखेल, मी दहा म्हणेपर्यंत दुखेल, आणि मी धरून असेन." फार आधीही सांगू नका, या वयात रात्रभर धसका घेतात. आणि त्याचं त्याला काहीतरी ठरवू द्या. सुई लावायची की नाही, हे विचारू नका, तो "नको" म्हणेल आणि तुम्हाला ते मोडावं लागेल. विचारायचं असं: डावा हात की उजवा? बघणार की डोळे मिटणार? पट्टी कोण काढणार? माझी लेक स्वतः चिकटपट्टी काढायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. तिचं ते राज्य होतं.

आणि पोर्टबद्दल विचाराच. छातीत कातडीखाली छोटी डबी बसवतात, मग प्रत्येक वेळी हातात शीर शोधावी लागत नाही. ती कधी बसवायची हे काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) आणि प्लेटलेट बघून डॉक्टर ठरवतात. सगळीकडे लगेच बसवत नाहीत, खर्चही आहे. पण विचारल्याशिवाय विषय निघत नाही.

सिस्टर_औरंगाबाद

मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम करते. वरच्या ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे. आमच्यावरही ताण असतो, एकेका पाळीत खूप मुलं असतात. आईनं शांतपणे सांगितलं की आम्हाला मदतच होते.

माझ्याकडून एवढंच, पण हे पक्कं लक्षात ठेवा. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध चालू असताना मूल "हात जळतोय" म्हणालं, तर रडारड म्हणून सोडून देऊ नका. ते औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. केमोच्या लाल रंगाच्या औषधाचंही तसंच. लगेच सिस्टरला बोलवा, "थांबवा आणि बघा" असं मोठ्यानं म्हणा. या बाबतीत कुणी रागावलं तरी चालेल.

व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतूनच द्यायचं असतं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात चुकून गेलं तर जीव जातो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ते सिरिंजऐवजी सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यायला सांगितलंय. पाठीतून औषध द्यायच्या दिवशी औषधाचं नाव, मुलाचं नाव आणि ते कुठून देणार, हे तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा. चांगली सिस्टर हे स्वतःच करते.

याच औषधानं शौचाला खडा होतो. घरातली मोठी माणसं साबणाची वात लावायला सांगतात. काउंट कमी असताना ती लावू नका, एनिमा नको, तिथून थर्मामीटरही नको. जखम झाली तर जंतू रक्तात जातात. डॉक्टरांकडून शौच मऊ करणारं औषध लिहून घ्या.

नाशिकची_आई

तुम्हा दोघींचे पाय धरावेसे वाटतात. आज राउंडला बोलले. आवाज कापत होता, वहीतून वाचलं. क्रीम मंजूर झाली, जवळ बसायलाही मिळालं. तिसऱ्या मागणीवर डॉक्टर म्हणाले, "बघू". संध्याकाळी मांडीवर घेऊन सुई लावली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा मिळाली. तो रडला, पण नंतर माझ्याच खांद्यावर झोपला.

पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. धाकटी दीड वर्षाची आहे. घरी काय सांभाळू?

बार्शीची_माय

"बघू" म्हणाले ना, मग उद्या परत विचारा, त्याच सुरात.

घरी सगळ्यात मोठी गोष्ट ताप. आमच्या फाईलवर १००.४ फॅरनहाइट लिहिलेलं होतं. तुमच्या डॉक्टरांकडून तुमचा आकडा आणि रात्रीचा फोन नंबर लिहून घ्या. तेवढा ताप आला की रात्रीचे दोन असोत, निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, ताप उतरतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. कॅज्युअल्टीत रांगेत बसू नका. खिडकीवर पहिलं वाक्य हेच: "मुलाची केमो चालू आहे, ताप आहे, काउंट कमी असतील." पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं.

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून एक संच घरी ठेवा. रेकॉर्डची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना भेटा. मुंबईला जायची वेळ आली तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीला कॅन्सरच्या पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं.

आणि धाकटीचं. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील. तिला तोंडावाटे डोस देऊ नका, त्यातला जिवंत विषाणू दादापर्यंत पोचू शकतो. "घरात केमोचं मूल आहे" असं त्यांना सांगा आणि तिला पोलिओचं इंजेक्शन कुठे मिळेल, ते डॉक्टरांना आत्ताच, डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या.